क्रिकेटवीर बाळू पालवणकर आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे 'जिद्द आणि चिकाटी'. मी काही प्राध्यापक नाही. राईस मिलमधला कामगार आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, तेव्हा आपला भंडारा जिल्हा होता. पुढची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली, आणि बाकी जे काय वाचले ते रातपाळीत बॉयलरच्या उजेडात वाचले. तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या जी.

या विषयावर आपल्याकडे दरवर्षी कोणीतरी बोलतो. वक्ता येतो, सांगतो की जिद्द धरा, सर्व काही मिळेल. मुले टाळ्या वाजवतात. मग तीच मुले भरतीला जातात, परत येतात, पुन्हा जातात, पुन्हा परत येतात आणि तिसऱ्या वेळेस घरीच बसतात. आपल्या वस्तीतली एक मुलगी अशीच दोनदा पोलीस भरतीतून थोडक्या गुणांनी मागे आली. धावण्यात पहिली, लेखीत अडली. तिच्या मायने मला विचारले, "भाऊ, पोरगी म्हणते माझ्यातच जिद्द नाही. खरं आहे का जी?" मी त्या बाईला उभ्या उभ्या काय उत्तर देणार? आज इथे देतो. त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. तो आपल्या गावचा नाही, आपल्या विदर्भाचाही नाही. पण धान कापणी झाली की बांध्या सपाट करून तुम्ही पोट्टे जो खेळ खेळता ना, त्या खेळातला तो आपला पहिला मोठा माणूस. नाव बाळू पालवणकर.

किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करा. बघा, तीन हात. सचिन तेंडुलकर विचारले असते तर छत पडले असते.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळ कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जात चांभार. बापाची नोकरी लष्कराशी जोडलेली, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. महात्मा फुले तेव्हा पुण्यात हयात होते, बाबासाहेबांचा जन्म व्हायचा होता. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि फाटके चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा थोडीच वर्षे झाली. घरात मोठा मुलगा तोच, म्हणून कमवायला लागला. आपल्या घरांत आजही मोठ्याच्या नशिबी हेच येते, धाकट्याची शाळा मोठ्याच्या पगारावर चालते.

पहिले काम पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर ओढायचा, आणि सभासदांना सराव हवा असला तर चेंडू टाकायचे. पगार महिन्याला तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेला, तिथे चार रुपये मिळाले. म्हणजे बढती एक रुपयाची. काम तेच. जाळ्या लावायच्या, रोलर ओढायचा, पांढऱ्या रेषा मारायच्या.

त्या क्लबातल्या एका साहेबाने त्याला जाळीत गोलंदाजी करायला लावले. बाळू डावखुरा, चेंडू संथ टाकायचा, पण असा वळवायचा की साहेब लोक चक्रावून जात. तिथे ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. बाळूने आपल्याला बाद केले की तो दर वेळी त्याला आठ आणे द्यायचा असे सांगतात. पगार चार रुपये आणि एका बळीचे आठ आणे! हिशेब करा, आठ वेळा साहेब बाद झाला की महिन्याचा पगार निघाला. बाळू मन लावून का शिकला हे मला तरी लगेच समजते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शेकडो तास त्याने साहेबांना चेंडू टाकले, त्याच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम, चेंडू टाकणे हे नोकराचे. ज्याला उन्हात घाम गाळायचा त्याला एक अर्धी कला शिकायची मुभा, उरलेली अर्धी मालकाची. मिलमध्ये काम केलेल्या माणसाला हे नवे नाही.

त्या काळी क्रिकेटचे संघ धर्मावर असत. गोऱ्यांचा संघ, पारशांचा संघ, हिंदूंचा संघ, पुढे मुसलमानांचाही झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवता येत नव्हते. त्यांना कळले की साहेबांच्या क्लबात एक चांभाराचे पोर आहे, ते साहेबांनाच बाद करते. आता पंचाईत! घ्यावा की न घ्यावा? क्लबातल्या ब्राह्मण मंडळींत वाद झाला. काही म्हणाले घ्या, काही म्हणाले धर्म बुडेल. खुद्द ग्रेगने म्हटले की असा गोलंदाज न घेतला तर हिंदूंचेच नुकसान होईल. शेवटी घेतला.

घेतला म्हणजे कसा, ते ऐका. मैदानावर सर्वांनी तोच चेंडू हातात घ्यायचा. बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक अडवणार, दुसऱ्याकडे फेकणार, तो पुन्हा बाळूकडे. चेंडूला विटाळ नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा पिणार आणि बाळूला बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचे असले तर अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी नेऊन द्यायचे. चेंडू टाकायला हिंदू आणि चहा प्यायला अस्पृश्य!

इथे मला जरा थांबायचे आहे. कारण आपल्यातले काही जण म्हणतील, मी असतो तर तिथेच चेंडू फेकून घरी आलो असतो. मलाही तसे वाटले होते. मग मी विचार केला. त्याचे वय विशीच्या आसपास. घरी भावंडे. पाठीशी संघटना नाही, कायदा नाही, घटना नाही, बाबासाहेब तर अजून लहान मूल. अशा एकट्या पोराने चेंडू फेकला असता तर दुसऱ्या दिवशी कोणाला आठवण राहिली असती? त्याने चेंडू टाकणे चालू ठेवले. तो अपमान त्याला कळत नव्हता असे समजू नका, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पालवणकर भाऊ काय करतात त्यावरून ते कळते.

पुण्याचा संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या क्लबाशी खेळायला गेला आणि बाळूच्या गोलंदाजीवर जिंकून आला. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याला हार घातला आणि क्लबातल्या मंडळींना सुनावले की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला, जेवायलाही बसले पाहिजे. रानड्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण हे सांगायला बाळूला आधी सामना जिंकून द्यावा लागला. हरला असता तर मातीचे भांडे मातीचेच राहिले असते, आणि रानडे त्यावर बोलले असते की नाही कोण जाणे.

१८९६ मध्ये प्लेग आला. त्या धामधुमीत पालवणकर मुंबईला आले. काही काळ पलटणीत नोकरी केली, पुढे रेल्वेत लागले. मुंबईला हिंदू जिमखाना होता. इतके नाव झाल्यावर तरी सरळ आत घेतील? नाही. तिथेही काही सभासदांनी जातीवरून हरकत घेतली, तिथल्या कप्तानाने समजूत काढली तेव्हा प्रवेश मिळाला. पुण्यात जे एकदा सिद्ध केले ते मुंबईला पुन्हा पहिल्यापासून. आपल्या माणसाचे हे असेच असते. एका ऑफिसात लायकी सिद्ध केली की बदली होते आणि नव्या ऑफिसात पुन्हा पहिला पाढा.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ वर आटोपले. एकशे नऊ धावांनी विजय. दोन्ही डाव मिळून आठ बळी बाळू पालवणकरांचे. धाकटा शिवरामही त्या संघात होता. ज्या साहेबांच्या क्लबात रोलर ओढला, त्यांच्याच जातभाईंना हरवले. त्या वेळच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने लिहिले की या भावांना संघात घेतल्याने हिंदूंची मने मोकळी व्हायला मदत झाली. म्हणजे पुण्याचे मातीचे भांडे मुंबईत येईपर्यंत सुटले होते. त्याला इतकी वर्षे लागली.

१९११ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला, कप्तान पतियाळाचे महाराज. महाराज अर्धे लक्ष क्रिकेटवर आणि अर्धे साहेबांच्या मेजवान्यांवर ठेवून थोड्या सामन्यांनंतर बाजूला झाले. संघ बरेच सामने हरला. पण बाळू पालवणकरांनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. वय पस्तीसच्या पुढे, खांदा दुखत होता, तरी. शिवरामने सॉमरसेटविरुद्ध शतक केले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमरावांनी केले असे सांगतात. विद्यार्थीदशेतल्या भीमरावांना आपल्या समाजातला हा माणूस अभिमानाचा वाटत होता.

कारकिर्दीचा हिशेब मी वहीत उतरवून आणला आहे. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, एका बळीमागे सरासरी १५.२१ धावा. मुलांनो, हे आकडे घरी जाऊन मोबाईलवर आजच्या गोलंदाजांच्या आकड्यांशी लावून बघा. मोबाईलचा तेवढा तरी उपयोग करा.

आता खरी गोष्ट. एवढ्या मोठ्या खेळाडूला हिंदू संघाचा कप्तान केव्हा केले? कधीच नाही. १९१० पासून दरवर्षी मागणी होत होती. दरवर्षी दुसरा कोणी कप्तान. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. हा माणूस सरळ होता. सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते ज्येष्ठ आहेत आणि अनुभवी आहेत. ज्याला खुर्ची मिळाली त्याने उभे राहून म्हणावे की ही माझी नाही! असे पै आपल्याला आयुष्यात किती भेटतात? मला एकच भेटला, त्याचे पुढे सांगतो.

मग आले १९२० साल. आपल्या विदर्भाच्या माणसाला हे साल माहीत असले पाहिजे. जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. मे महिन्याच्या शेवटी छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला अस्पृश्यांची परिषद भरली, तिथे बाबासाहेब होते. डिसेंबरमध्ये नागपूरलाच काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि त्यात अस्पृश्यता निवारणाचा ठराव झाला. आणि त्याच हिवाळ्यात मुंबईच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडला तेव्हा बाळू पालवणकरांना वगळले. वय झाले होते, चव्वेचाळीस-पंचेचाळीस. ते कारण एखादे वेळेस पटेलही. पण पै आजारी पडल्यामुळे पहिल्या सामन्याला कप्तान कोण, हा प्रश्न आला. संघात त्यांचे भाऊ विठ्ठल पालवणकर होते, उत्तम फलंदाज, ज्येष्ठ. त्यांना डावलून त्यांच्यानंतरच्या देवधरांना कप्तान केले. दि. ब. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या नावाने पुढे स्पर्धाही झाली, त्यांचा काही दोष मी काढत नाही. दोष निवडणाऱ्यांचा.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी काय केले? संघातून नाव काढून घेतले. आणि गुपचूप नाही, जाहीर पत्र देऊन काढून घेतले की आम्ही जातीमुळे डावलले जातो, म्हणून खेळत नाही. गावभर चर्चा झाली. वर्तमानपत्रांत बाजूने आणि विरुद्ध लिहून आले. आणि निवडणाऱ्यांना नमावे लागले. अंतिम सामन्यासाठी दोन्ही भाऊ परत आले, बाळूंना संघात घेतले, उपकप्तान केले. पै बरे होऊन कप्तान म्हणून आले होते, ते सामन्यात काही वेळ मैदान सोडून बाहेर गेले. म्हणजे तेवढा वेळ कप्तान कोण? बाळू पालवणकर.

पंचवीस वर्षांच्या खेळात कप्तानी मिळाली ती एवढी. थोडा वेळ, आणि तीही दुसऱ्याने मुद्दाम बाहेर जाऊन दिलेली.

आता मला सांगा, जिद्द कमी पडली होती का? तीन रुपयांपासून ११४ बळींपर्यंत आलेल्या माणसाला जिद्दीचे धडे कोण देणार? जिद्दीने तो मैदानात आला. पॅव्हेलियनच्या आतला कप मिळायला रानड्यांसारख्या माणसाचे बोलणे लागले. आणि कप्तानीचे दार जरासे उघडायला भावांचे नकारपत्र लागले, पैंची सज्जनता लागली, मुंबईच्या लोकांचे बोलणे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या कप्तानीत संघ जिंकला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. मोठ्या भावाने रोलर ओढला म्हणून विठ्ठल हायस्कूलपर्यंत शिकले होते. त्यांनी पुढे १९४८ मध्ये मराठीत आपल्या खेळाच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले. रोलर ओढणाऱ्या भावाने पुस्तक लिहिले नाही, शिकलेल्या भावाने लिहिले.

मघाशी म्हटले मला एक पै भेटला. ते थोडक्यात सांगतो. ज्या मिलमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली तिचे नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. मी हमाल म्हणून लागलो. धानाची पोती उतरवायची, उसन्याच्या हौदात धान टाकायचे, वाळवायचे, भुसा ओढायचा. हळूहळू शेलर मशीन शिकलो. धान जाड आले की बारीक, ओलसर आहे की कडक, रबराच्या रोलमधले अंतर किती ठेवले म्हणजे तुकडा कमी पडेल, हे मला मशीनच्या आवाजावरून कळायला लागले. ऑपरेटर सुटीवर गेला की मशीन माझ्या हवाली, पगार मात्र हमालाचा. मग ऑपरेटरची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून माणूस आणला आणि त्याला काम शिकवायला मलाच सांगितले. मी शिकवले.

काही वर्षांनी जागा पुन्हा निघाली. या वेळेस सोबतचे चार हमाल मुनीमजीसमोर जाऊन उभे राहिले. त्यात एक पोवार होता, एक गोंड होता, दोघे आपले. आणि त्यांच्या मागे तो बाहेरून आणलेला, मी शिकवलेला ऑपरेटर, तो दुसऱ्या मिलमध्ये चालला होता. तो म्हणाला, हे मशीन मला यानेच शिकवले, दुसरा माणूस आणाल तर त्यालाही हाच शिकवेल. हमाल म्हणाले, याला नाही घेतले तर उद्या गाडी भरणार नाही. मला घेतले. पगार थोडा वाढला. पण त्या पगारावर माझ्या धाकट्या बहिणीचे डी.एड. झाले.

आता एक अवघड मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. आपल्यातल्या जाणत्या मंडळींच्या मनात तो आलाच असेल. १९३२ मध्ये गोलमेज परिषदेनंतर स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा बाळू पालवणकरांनी बाबासाहेबांच्या विरुद्ध, संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली. पुणे करारावर त्यांची सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या तिकिटावर खुद्द बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, पालवणकरांना ११,२२५. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे, म्हणजे आम्हा कामगारांचेच उमेदवार होते. मी त्या वेळेस मतदार असतो तर माझे मत कुठे पडले असते हे सांगायची गरज नाही.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला आदल्या दिवशी विचारले, "विहारात या माणसाचे नाव घेणार का?" मी म्हटले, घेणार. कारण तो असा का वागला हे मला समजून घ्यायचे आहे. बाळू पालवणकरांच्या आयुष्यात मातीचे भांडे हळूहळू सुटत गेले होते. पुण्यात बाहेर चहा, मुंबईत आत चहा. १९०६ ला नाव, १९२० ला उपकप्तान, १९२३ ला भाऊ कप्तान. ज्याने हे स्वतःच्या अंगावर पाहिले त्याला वाटले असेल की असेच हळूहळू सर्वांचे सुटेल. बाबासाहेबांचा रस्ता वेगळा होता. मला तो असा समजतो की ११४ बळी घेणाऱ्या एका माणसाला आत घ्यायला जर पंचवीस वर्षे लागली, तर जे बळी घेत नाहीत, जे फक्त शेण काढतात, बिड्या वळतात, रोवणी करतात, त्या कोट्यवधींचे काय? त्यांनी काय प्रत्येकाने आधी सामना जिंकून दाखवायचा? माणूस म्हणून आत बसायला क्रिकेट यायची अट कशासाठी? म्हणून बाबासाहेबांनी हक्क मागितला, आणि हक्क मागितला म्हणून आज तुमच्या-माझ्या लेकरांना वर्गात वेगळे भांडे नाही. पालवणकर चुकले असे मी म्हणतो. पण त्यांना आपल्यातून काढून टाकावे असे मी म्हणत नाही. ४ जुलै १९५५ ला ते वारले. नागपूरच्या दीक्षेला अजून सव्वा वर्ष होते.

'लगान' सिनेमा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल, २००१ चा. त्यात कचरा नावाचे पात्र आहे, हात वाकडा, चेंडू आपोआप वळतो. ते बाळूंवरून सुचले असे बरेच जण म्हणतात. मला ते फारसे आवडले नाही. सिनेमात कचऱ्याचा चेंडू नशिबाने वळतो. बाळूंचा चेंडू उन्हात शेकडो तास टाकून वळला होता. आणि सिनेमात कचऱ्याच्या बाजूने नायक एक भाषण करतो, कचरा स्वतः काही बोलत नाही. पालवणकर भाऊ बोलले होते, लिहून बोलले होते.

तर त्या मायला माझे उत्तर. बाई, तुमच्या पोरीत जिद्द कमी नाही. रोज पहाटे रेल्वे फाटकापर्यंत धावणारी पोरगी आहे ती, आम्ही रातपाळीवरून परत येताना पाहतो. तिला लेखी परीक्षेला गणित आणि बुद्धिमापन शिकवणारे कोणी नाही. गोंदियाला क्लास लावायला पैसे नाहीत. हे तिच्या जिद्दीत मोजू नका. हे आपल्या हिशेबात मोजा, वस्तीच्या. आपल्या वस्तीत दोन शिक्षक आहेत, एक बँकेत आहे, एक रेल्वेत आहे. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी या विहारात बसायचे. मी त्यांना विचारून आलो आहे, तिघे हो म्हणाले, चौथे विचार करून सांगतो म्हणाले. त्यांची मिसेस इथे बसली आहे, तिने ऐकले म्हणजे झाले.

आणि घरातल्या मोठ्या पोरांबद्दल. रोवणीच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या दिवसांत मोठ्याला शाळेतून काढायची आपल्याकडे पद्धत आहे. मी गरिबी जाणतो, उपदेश करत नाही. पण ज्याला काढले त्याचे नाव आपल्याकडे कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणजे दोन वर्षांनी हात जरा मोकळा झाला की त्याला पुन्हा बसवता येईल. मला कोणी बसवले नाही, मी स्वतः बसलो, त्यात आठ वर्षे गेली.

तर येत्या रविवारपासून, सायंकाळी वंदना झाल्यावर सात ते नऊ, विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यास वर्ग. पंख्याचे आणि दोन ट्यूबलाईटचे पैसे महिला मंडळाने दिले आहेत. सातरंजी घरून आणायची. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली आहे, मग वय कितीही असो, त्यांनी सतरा नंबरच्या फॉर्मसाठी माझ्याकडे यावे. आता तो ऑनलाईन भरावा लागतो, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड सोबत आणा. दाखला हरवला असेल तरी या, शाळेतून दुसरी प्रत काढू. माझी या महिन्यात दिवसपाळी आहे, संध्याकाळी घरीच असतो.

जयभीम.